तिसऱ्या ठिपक्याचा सांधा

९ एप्रिल

मामा, नमस्कार.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी नळाचा वॉशर कसा बदलायचा ते तू फोनवर सांगितलंस, मी अर्धं ऐकलं, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या गादीपर्यंत पाणी गेलं. तेव्हा तूच म्हणालास, कामाचं असेल तर कागदावर विचार, कागद समोर टेकवून ठेवता येतो. म्हणून हे पत्र.

मास्तरांचं लिहायचं यंत्र मोडलं आहे. आमच्या लग्नानंतर तू घरी आलास तेव्हा ते पाहिलं आहेस. सहा कळा, प्रत्येक कळीचा जाड कागदावर एक ठिपका. त्या सहांच्या जुळण्यांतून अक्षरं होतात आणि मास्तर आणि त्यांच्या शाळेतली मुलं ती बोटांनी वाचतात. त्यातली तिसरी कळ गेली. दाबली की नुसती खाली जाते, ठिपका उमटत नाही.

मी खालचं झाकण उघडून पाहिलं. कळीला एक पोलादी पट्टी आहे, माझ्या करंगळीएवढी, आणि तिचं टोक पितळेच्या जाड कड्याच्या, म्हणजे बुशाच्या, खाचेत बसवलेलं होतं. तो जोड सुटला आहे. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, एक लोखंड, एक पितळ. यांचं जमायचं नाही. नवीन घ्या." नवीन कुठून घेऊ? ते बनवणारा कारखाना मास्तर स्वतः शाळेत शिकत होते तेव्हाच बंद पडला. मग मी भारीतला गोंद लावून पाहिला. अर्धं पान टिकला.

दरवर्षी सुट्टीत मास्तर वर्गासाठी गणिताचं पुस्तक लिहितात. मागच्या पुस्तकाचे ठिपके मुलांची बोटं फिरून फिरून सपाट झाले आहेत. छापलेलं पुस्तक मिळतं, पण त्यात मधल्या पायऱ्या गाळतात आणि कच्ची मुलं नेमकी तिथे पडतात, असं मास्तरांचं म्हणणं. शाळेची यंत्रं मुलांनी घरी नेली आहेत. आणि त्यांच्या लिपीत आकड्याआधी एक खूण करावी लागते, आता आकडा येतोय हे सांगणारी. त्या खुणेत तिसरा ठिपका असतो. तो नाही म्हणजे एकही आकडा नाही. जूनच्या मध्याला शाळा उघडते.

मास्तर रोज सकाळी यंत्रापाशी बसतात, पाच कळा दाबून पाहतात, मग उठून रेडिओ लावतात.

मला जोडायला शिकव. यंत्रच तुझ्याकडे पाठवलं असतं, पण मास्तर ते पोस्टाच्या हवाली करायला तयार नाहीत. "त्यापेक्षा मामांना इकडे पोस्टानं मागव," म्हणाले.

तुझी पक्कड


१६ एप्रिल

प्रिय पक्कड,

अक्षर मामीचं आहे म्हणून दचकू नकोस. माझे हात कामात आहेत, मी सांगतोय, ती लिहितेय. (हात कामात नाहीत. खुर्चीच्या दांड्यांवर आहेत. – मामी)

तुझा वेल्डिंगवाला अर्धं बरोबर बोलला. लोखंड आणि पितळ दोघांना वितळवून एक करायला गेलीस तर लोखंड वितळायच्या आत पितळाचं पाणी होईल. म्हणून दोघांनाही वितळवायचं नाही. दोघांच्या आधी वितळणारा तिसरा मधे घ्यायचा. तो म्हणजे चांदीचा डाख. पातळ तारेसारखा मिळतो. दागिन्यांच्या कामाचं किंवा फ्रिजदुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे जा. त्याच्याकडेच पांढरा खार मागायचा, डबीत लोण्यासारखा असतो, तो फ्लक्स म्हणेल. धातू तापला की त्याच्यावर काजळी धरते आणि काजळीवर डाख बसत नाही. खार ती खाऊन टाकतो.

आधी गोंदाचा कण न् कण काढ. दोन्ही तुकडे पॉलिश पेपरने घास, चकाकेपर्यंत, आणि मग बोट लावायचं नाही. बोटाचं तेलही पुरतं. (आयुष्यभर मला असंच सांगत आले, भांड्यांना बोट लावू नको म्हणून. – मामी) पट्टी खाचेत बसव. घट्ट नको, ढिली नको. कागदाचा पातळ कपटा जाईल एवढी फट दोन्ही बाजूंना हवी. फटीत डाख स्वतः शिरतो, आपण ढकलायचा नसतो. खार लाव, भट्टीच्या विटेवर ठेव, हातात धरायच्या छोट्या गॅस-बर्नरने तापव. खार आधी पांढरा फुगेल, मग काचेसारखा होऊन पसरेल. काच झाली की तार टेकव.

खिडक्या उघड्या ठेव. पितळ लाल होऊ देऊ नकोस. लाल झालं तर पांढरा धूर येईल, तो जस्ताचा, नाकात घ्यायचा नाही.

एक गोष्ट लक्षात ठेव. ज्याने तो पहिला जोड केला, त्याचं काम एवढी वर्षं रोज दाबलं गेलं आणि टिकलं. ह्या कारागिराला आपण ओळखत नाही, पण हात पक्का होता. खाचेच्या आत त्याचा जुना डाख उरला असेल. घासण्याआधी बघ कसा बसला आहे. आतपर्यंत गेलेला असेल, सगळीकडे सारखा. तसा बसला पाहिजे.

मामा
(आणि मामी)


२५ एप्रिल

मामा,

नाही जमलं.

आधी चांगलं सांगते. तू म्हणालास तसा जुना डाख पाहिला. पट्टीच्या चारही बाजूंना खाचेच्या तळापर्यंत गेलेली एक बारीक पांढरी रेघ. मी पडदे शिवते, सरळ रेघ म्हणजे काय ते मला कळतं. कुठे जाड नाही, कुठे तुटक नाही. मास्तरांना सुईने ती रेघ दाखवली. ते सुईचं टोक तिच्यावरून फिरवत बसले. "एवढ्या वर्षांत याच्यावर बोटं मारली आणि हा आत आहे हेच ठाऊक नव्हतं," म्हणाले.

जिन्याखालच्या खोलीत, माझ्या कापायच्या टेबलावर जुना पत्रा टाकून त्यावर वीट ठेवली. पडदे सगळे बाहेर काढले. पट्टी सुटली होती म्हणून पट्टीलाच तापवलं. ती लगेच लाल झाली. तार टेकवली, तर डाखाचा गोळा झाला आणि तो गोळा पट्टीवरून वर वर पळाला, खाचेपासून लांब. मी तार घेऊन मागे, तो पुढे. शेवटी पट्टीच्या मधोमध मोत्यासारखा बसला. दिसतो छान.

मास्तर दारात उभे होते. ते म्हणाले, आवाज तीनदा बदलला. आधी चुरचुर, मग फुसफुस, मग एकदम गप्प. "तू ते गप्प व्हायच्या आधीच तार टेकवलीस." मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. ते म्हणाले, काही नाही, फक्त आवाज सांगितला.

आणि तुझं अक्षर कुठे गेलं? दोन ओळी लिहायचा आळस? मामीला कामाला लावून स्वतः साहेब झालास.

तुझी पक्कड


३ मे

प्रिय पक्कड,

मोती काढून टाक. कानशीने, हळू.

चूक सगळेच करतात ती केलीस. जे मोडलं त्यालाच तापवलंस. डाख उष्णतेच्या मागे जातो, जिथे जास्त गरम तिथे धावतो. पट्टी पातळ, तिला लाल व्हायला वेळ लागत नाही. बुश जाड, ते उष्णता पीत राहतं आणि गारच राहतं. म्हणून ज्योत पितळावर. खालून आणि बाजूंनी, एका जागी न थांबता. पट्टीकडे ज्योत न्यायचीच नाही. पितळ पोटभर तापलं की तेच पट्टीला देईल. मग तार पट्टीच्या बाजूने फटीवर टेकव. डाख पितळाकडे जायला बघेल आणि जाता जाता फटीतून जाईल. तिथेच तो आपल्याला हवा आहे.

डाख आत शिरलेला दिसला की ज्योत काढ. (थांबा हो, दूध.)

(उतू गेलंच. पुढे सांगा. – मामी)

पाण्यात टाक म्हणजे खार सुटेल. चिकटलेला खार ठेवायचा नाही, तो नंतर धातू खातो.

जावईबापूंनी तीन आवाज ऐकले म्हणतेस. ते पुन्हा विचार. चुरचुर मला माहीत आहे, ते खारातलं पाणी उडतं. फुसफुस म्हणजे नेमकं काय? आणि गप्प झाल्यावर काही ऐकू येतं का, की काहीच नाही? सविस्तर लिही. मला सहज विचारायचं आहे. (सहज नाही. पत्रातला तेवढाच भाग मला तीनदा वाचायला लावला. – मामी)

मामा


११ मे

मामा,

डाख आत गेला. तू म्हणालास तसाच गेला. ज्योत पितळावर ठेवली, पट्टीकडे बघितलंही नाही, खार काचेसारखा झाला, तार टेकवली आणि ती फटीत ओढली गेली, कपडा पाणी पितो तशी. दुसऱ्या बाजूला बारीक पांढरी रेघ आली. मी ओरडले. मास्तर टाळ्या वाजवायला लागले.

मग चिमट्याने उचललं आणि पाण्यात टाकलं. चर्र झालं, आणि त्याच्या मागून एक बारीक आवाज, काचेचा पेला टेबलावर ठेवावा तसा. बाहेर काढलं तर जोड सगळ्या लांबीला तडकला होता. पट्टी हाताने निघाली.

तू लिहिलंस तसंच केलं आहे. पत्राचं ते पान सोबत परत पाठवतेय. तूच वाच.

मास्तर म्हणाले, राहू दे. रेडिओवर चांगला कार्यक्रम आहे म्हणाले. तो हवामानाचा अंदाज होता.

पक्कड


१८ मे

चि. पक्कड,

हे पत्र माझं एकटीचं आहे.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा हे उठून उभे राहिले. "मी असं सांगितलंच नव्हतं! हात लावता येईल इतकं गार होऊ दे, मग कोमट पाण्यात, असं सांगितलं होतं. पितळ पोलादापेक्षा जास्त आक्रसतं. एकदम गार केलं तर ओढून तडकणारच. हे मी सांगणार नाही?" मग मी तू पाठवलेलं पान वाचलं. पाण्यात टाक, एवढंच होतं. दूध उतू चाललं होतं ना, मी शेगडीपाशी धावले, हे इकडे बोलतच राहिले. मी येऊन बसले आणि जिथून ऐकू आलं तिथून पुढे लिहिलं. चूक माझी आहे, तुझी नाही.

पण तू विचारशील की मामाने वाचून कसं पाहिलं नाही. कामाचा कागद दोनदा वाचल्याशिवाय त्यांनी कधी घराबाहेर जाऊ दिला नाही. म्हणून सांगते. ते वाचू शकत नाहीत. गेल्या हिवाळ्यापासून डोळ्यांचं मधलं दिसणं गेलं आहे. कडेचं दिसतं. घरात फिरतात, जिना उतरतात, पण ज्या गोष्टीकडे बघतील नेमकी तीच नाहीशी होते. माझ्याकडे बघायचं असेल तर माझ्या कानाकडे बघतात. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलेलं टिकेल.

वर्कशॉपला त्यांनीच कुलूप लावलं आणि चावी माझ्या बटणांच्या डब्यात टाकली. शेजारचे काही दुरुस्तीला घेऊन आले की सांगतात, गॅस संपलाय. गॅस भरलेला आहे.

तुला सांगायचं नाही अशी ताकीद होती. म्हणत होते, "पक्कड मला विचारते, कारण मला येतं. दिसत नाही कळलं की जपून बोलायला लागेल आणि विचारायचं सोडेल." तुझं पत्र आलं की माणूस दिवसभर सरळ बसतो. म्हणून मीही गप्प राहिले. आता मात्र माझ्या गप्प राहण्यामुळे जावईबापूंचं काम अडलं.

ते म्हणतात, बुश अजून एकदा तापवता येईल. त्याच्यापुढे नाही. दर तापवण्याला पितळातलं थोडं जस्त उडतं आणि ते ठिसूळ होत जातं. तेव्हा आता जे कराल ते शेवटचं.

तुझी मामी


२४ मे

मामा,

मामीला रागावू नकोस. तिने सांगितलं नसतं तर मी तुला आळशीच म्हणत राहिले असते.

मी जपून बोलणार नाही. आळशी नाहीस, पण लबाड आहेस. हात कामात आहेत म्हणे!

विचारायचंही सोडणार नाही. उलट या वेळी दोघं विचारतोय. पुढचं मास्तरांनी सांगितलं आहे, मी लिहितेय, आणि वाचून दाखवणार आहे.

"मामा, नमस्कार. दिसत नसलं की कान तीक्ष्ण होतात असं लोक म्हणतात. मला तसा अनुभव नाही. माझी चष्म्याची केस घरात कुठेही पडली तर मला सापडत नाही. (मी: चष्मा उन्हासाठी आहे.) तुमची भाची ज्योतीकडे बघण्यात गुंतली होती, मी रिकामा उभा होतो, म्हणून आवाज माझ्या वाट्याला आले. फुसफुस म्हणजे ओल्या लाकडासारखी, अधूनमधून फुटणारी. ती विरळ होत जाते. गप्प झाल्यावर खार काहीच बोलत नाही, फक्त ज्योतीचा आवाज उरतो.

"माझा प्रश्न असा. तुम्ही डोळ्यांना काय दिसतं ते सगळं सांगितलंत. हाताला काय कळतं ते सांगितलं नाहीत. तार टेकवली की हाताला काय लागतं? डाख वितळायच्या आधी आणि वितळताना फरक लागतो का? तुम्हाला माहीत असणार. तुमच्या हातून इतक्या तारा गेल्या आहेत. शेवटची वेळ आहे, तर मला नुसतं दारात उभं राहायचं नाही."

एवढंच. मी या वेळी घाबरले आहे, मामा. गेल्या वेळी सगळं नीट दिसत होतं आणि तरी गेलं.

तुझी पक्कड


१ जून

प्रिय पक्कड, आणि जावईबापू,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. हाताला काय लागतं? मी खुर्चीत बसून हात हलवून पाहिला, आठवेना. जन्मभर नजर ज्योतीवर होती, हात आपला आपण काम करत होता. तो काय करतो हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. म्हणून कुलूप उघडलं. (चावी मागितली नाही. बटणांचा डबा अख्खा पलंगावर ओतला. – मामी)

पितळाचा एक तुकडा घेतला, पोलादाची कापलेली पट्टी घेतली. मामी पाण्याची बादली घेऊन दारात. मी भिंतीकडे तोंड केलं. बघायचा मोह नको.

आता ऐका. चुरचुर असते तोवर तार लांब ठेवायची. फुसफुस विरळ झाली की तार जवळ आणायची. गप्प झाल्यावरही लगेच नाही. तार फटीवर हलकी टेकवा आणि बारीक पुढे-मागे करा. सुरुवातीला ती खरखरते, दगडी पायरीवर काठी ओढावी तशी. काढून घ्या, पुन्हा टेकवा. मग एका क्षणी खरखर जाते आणि तार घसरते. ओल्या साबणावर बोट ठेवल्यासारखं. तो खार पूर्ण पातळ झाल्याचा निरोप. तिथून पुढे जीव मुठीत धरून थांबायचं. तार टेकलेली राहू द्या. मग ती तुमच्या हातातून कमी होते. ढकलत नाही तरी पुढे जाते, कुणीतरी पलीकडून हळूच ओढल्यासारखी. ओढ थांबली की फट भरली. तार काढा, ज्योत काढा.

पहिल्या तुकड्यात चुकलो, लवकर टेकवली. दुसऱ्यात जमलं. तिसऱ्यात मामीला मधेच बोलायला सांगितलं, तरी जमलं. तिन्ही कापून पाहायला शेजारच्या लेथवाल्याकडे पाठवले. तो म्हणाला, शेवटचे दोन तळापर्यंत भरलेत. मी त्याला कसे केले ते सांगितलं नाही.

तेव्हा ज्योत पक्कडची, तार जावईबापूंची. विटेच्या कडेला कानशीने एक चर पाडा, तार त्या चरातून सरकून बरोबर फटीवर जाईल अशी. तार लांब ठेवा, हात विटेपासून दूर राहील. आधी सगळं गार असताना सराव करा, हाताला वाट पाठ होईपर्यंत. पक्कड, तू ज्योत पितळावर फिरवत राहा आणि बाकी काही ठरवू नकोस. केव्हा ते जावईबापू सांगतील.

आणि झाल्यावर विटेवरच राहू द्या. गार होऊ द्या. हात लावता येईल इतकं गार. मग कोमट पाणी. (हे पत्र सगळं दोनदा वाचून दाखवलं आहे. शेगडी बंद आहे. – मामी)

मामा


९ जून

मामा, मामी,

जोड बसला. शेवटपर्यंत वाचा, मी सगळं सांगणार आहे.

चर पाडला. मास्तरांनी गार सराव इतका केला की मला जेवायला दोनदा हाक मारावी लागली. तार चरातून सरकवायची, फटीवर टेकवायची, मागे घ्यायची. नंतर नंतर मी वीट जराशी फिरवून ठेवायचे, तर ते म्हणायचे, "खोडी काढू नकोस, सरळ कर."

काम सकाळी केलं. खिडकी उघडी, रेडिओ बंद. मी ज्योत पेटवली. मास्तर म्हणाले, "तुझ्या ज्योतीचा आवाज डुगडुगतोय." मी कोपर टेबलावर टेकवलं. मग चुरचुर सुरू झाली.

गेल्या वेळी मी बघत होते, घाबरत होते आणि ठरवत होते. या वेळी ठरवायचं नव्हतं. नुसती पितळाभोवती फिरत राहिले, खालून, बाजूने, खालून. मला खार काचेसारखा झालेला दिसला आणि ओठांवर आलं होतं, टेकवा! पण मास्तरांनी टेकवून काढून घेतली होती. "खरखर आहे अजून," म्हणाले. मला दिसत होतं ते बरोबर नव्हतं, मामा. वरचा खार वितळला होता, आतला नव्हता. पुन्हा टेकवली. "अजून." मग मान एका बाजूला कलली, ओठ मिटले. "घसरली." आणि जरा वेळाने, फार हळू, "ओढतंय. अगं, खरंच ओढतंय."

लग्नानंतर मी त्यांना कागद वाचताना पाहिलं आहे, मुलांचे हात धरून शिकवताना पाहिलं आहे. पण अख्खा माणूस दोन बोटांत गोळा झालेला मी पहिल्यांदा पाहिला. मला त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटत होतं. ज्योत होती म्हणून पितळाकडे बघितलं.

"संपलं. काढ," ते म्हणाले. मी काढली.

मग गार व्हायची वाट. मास्तर सारखे विटेच्या वर तळवा धरून बघत होते. मी म्हटलं, हात खाली आणाल तर बघा. शेवटी त्यांनीच उचललं, कोमट पाण्यात ठेवलं, आणि आम्ही दोघं कान लावून बसलो. काही तडकलं नाही.

खार निघाल्यावर मी रेघ पाहिली. जुन्या रेघेइतकी बारीक नाही, एका कोपऱ्यात जरा जाड आहे. पण तळापर्यंत गेली आहे. त्या पहिल्या कारागिराला दाखवली असती तर त्याने कोपऱ्यावर बोट ठेवलं असतं आणि बाकीचं चालवून घेतलं असतं.

यंत्र जोडलं. मास्तरांनी नुसती तिसरी कळ दाबली. कागदावर बोट ठेवलं. पुन्हा दाबली. मग ओळभर तिसरा ठिपकाच मारत गेले, यंत्राची ओळ संपल्याची घंटा होईपर्यंत. मी म्हटलं, आता काहीतरी लिहा. त्यांनी आकड्याची खूण केली आणि त्याच्यापुढे एक. मग दोन. मग मला म्हणाले, "दार ओढून घे जाताना."

तेव्हापासून टकटक चालू आहे. पुस्तक शाळा उघडायच्या आत पुरं होणार नाही. पहिले धडे होतील, बाकीचं रोज थोडं थोडं वर्गात नेणार. पण भागाकाराच्या सगळ्या पायऱ्या लिहून झाल्यात, एकही न गाळता.

सोबत एक पान आहे, मास्तरांनी तुझ्यासाठी मारलेलं. काय आहे ते मी सांगू नये असं ते म्हणाले.

तुझी पक्कड


१६ जून

चि. पक्कड,

पान मिळालं.

आधी तक्रार. वर्कशॉप पुन्हा सुरू आहे. लेथवाल्याने गावभर सांगितलं, आता लोक किटल्या, सायकली, पाण्याचे पंप घेऊन येतात. आणि मला दारात बादली घेऊन उभं राहावं लागतं. तोंडातून शब्द काढला की म्हणतात, "गप्प, ऐकू दे." इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला पहिल्यांदा काहीतरी ऐकायचंय, आणि ते पितळाचं.

तुझं पत्र वाचून दाखवलं. "खरखर आहे अजून" तिथे मला थांबवलं. "त्या वेळी मी टेकवली असती," म्हणाले. "जन्मभर मी तिथेच टेकवत आलो. माझे काही जोड का सुटायचे ते आज कळलं." जावईबापूंना हे नक्की सांग, असं दोनदा बजावलं आहे.

मग ते पान मांडीवर घेऊन बसले. मी म्हटलं, पक्कडला फोन करून विचारू का काय लिहिलंय? नको म्हणाले. त्यांना ते वाचायचं नव्हतंच. एकेक ठिपका बोटाने दाबून बघत होते, ओळीने, पहिल्यापासून. उंची बघत होते. बराच वेळ लागला. मग पान माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "तू बघ. बघू नकोस, हात लाव."

मी डोळे मिटून बोट फिरवलं. सगळे ठिपके सारखे लागले. यातला दुरुस्त केलेला कुठला, ते मला सांगता आलं नाही.

तुझी मामी